निजामी राजवटीतील स्वयंसेवी शिक्षक : मोमिनाबादच्या शाळेच्या निमित्ताने

हैदराबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास आपल्याकडे बहुधा १९३८ च्या सत्याग्रहापासून सांगितला जातो आणि सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईपाशी संपविला जातो. या दहा वर्षांत जे कार्यकर्ते तुरुंगात गेले, सरहद्दीवरील शिबिरांत राहिले किंवा भूमिगत झाले, त्यांच्या कार्याची नोंद यथाशक्ति झालेली आहे. परंतु त्यांपैकी अनेक जण त्याआधी काय करीत होते, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा एकच मिळते : ते कोठल्या तरी शाळेत शिकवीत होते. हे उत्तर चरित्रग्रंथांतून एखाद्या वाक्यात उरकले जाते. प्रस्तुत लेखाचा हेतु त्या एका वाक्याचा विस्तार करणे हा आहे. त्यासाठी बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथील योगेश्वरी विद्यालय आणि त्याच्याशी संबंधित शिक्षकवर्ग हे उदाहरण घेतले आहे.

प्रथम प्रदेशाचे स्वरूप लक्षात घेणे आवश्यक आहे. बीड जिल्हा वाळवंटी नव्हे. तथापि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत तो सापडलेला आहे. वर्षाचा पाऊस सरासरीने सुमारे ६५ ते ७० सेंटिमीटर. तोही चार महिन्यांत आणि अत्यंत अनियमित. पश्चिमेकडील आष्टी व पाटोदा हे भाग अधिक कोरडे, तर पूर्वेकडे बालाघाटाच्या पठारावरील अंबाजोगाईचा भाग त्या मानाने बरा. मांजरा नदी याच जिल्ह्यात पाटोद्याच्या बाजूस उगम पावते, परंतु उगमाजवळची नदी उन्हाळ्यात पाण्याची हमी देत नाही. निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात सलाबतखानाने बीड शहराजवळ बांधविलेली खजाना विहीर आजही लोक कौतुकाने दाखवितात. ज्या मुलखात एका विहिरीची कीर्ति चार शतके टिकते, त्या मुलखात पाण्याचे मोल काय असेल याची कल्पना वाचकांनी करावी. आड, बारव आणि नदीपात्रातील झिरा यांवर गावगाडा चाले. चैत्र-वैशाखात घागरीमागे घागर लागे. शाळेचा मुक्काम कोठे असावा, विद्यार्थी किती ठेवावेत, सुट्टी केव्हा द्यावी, या सर्व प्रश्नांचा अखेरचा निकाल या प्रदेशात पाण्यावर लागे.

दळणवळणाची स्थिति याहून फारशी निराळी नव्हती. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. निजाम सरकारची रेल्वे परळी वैजनाथपर्यंत आली ती १९३० च्या सुमारास. मोमिनाबाद या दोहोंच्या मध्ये, दोन्हींपासून दूर. गावाला परंपरा मोठी होती. योगेश्वरीचे देवस्थान, मुकुंदराजांची समाधि आणि दासोपंतांचा वारसा यांमुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव आद्य स्थानी येते. कापडावर लिहिलेली दासोपंतांची पासोडी याच गावची. पुढे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी येथे झाली आणि छावणीमुळे गावाला एक प्रकारचे शासकीय महत्त्व आले. असे असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत, जेथे मराठीचा आद्य ग्रंथकार विसावला त्या गावी, मराठीतून माध्यमिक शिक्षण घेण्याची सोय नीटशी नव्हती. हा विरोधाभास समजून घेण्यासाठी संस्थानच्या भाषाविषयक धोरणाकडे वळले पाहिजे.

हैदराबाद संस्थानात गेल्या शतकाच्या आरंभी सुमारे निम्मी प्रजा तेलुगु बोलणारी, सुमारे चतुर्थांश मराठी बोलणारी, आणि कन्नड व उर्दू बोलणारे प्रत्येकी एकदशांशाच्या आसपास होते. राज्यकारभाराची भाषा १८८० नंतरच्या दशकात फारसीऐवजी उर्दू झाली. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. या विद्यापीठाविषयी निर्णय देताना इतिहासकाराने दोन गोष्टी एकत्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पदार्थविज्ञान, वैद्यक, इतिहास इत्यादि विषय देशी भाषेतून शिकविता येतात हे या विद्यापीठाने सिद्ध केले. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालविले. आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील विद्यापीठे त्या वेळी जे धाडस करीत नव्हती ते केले. परंतु ज्या तत्त्वावर हे धाडस उभे होते, म्हणजे स्वभाषेतून ज्ञान, त्याचा लाभ बहुसंख्य प्रजेला नाकारण्यात आला. मराठी मुलास प्राथमिक वर्गांत मातृभाषेचा आधार मिळे. वरच्या इयत्तांत तो उर्दूच्या किंवा इंग्रजीच्या हाती सोपविला जाई. सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा निलंग्यास जन्मलेला विद्वान पुढे उर्दू काव्याचा मराठीतील साक्षेपी भाष्यकार झाला, ही या शिक्षणपद्धतीची एक फलश्रुति होय आणि ती मोलाची आहे. पण अशा एका पगडींमागे किती मुलांची शाळा चौथ्या-पाचव्या इयत्तेत सुटली असेल, याचा विचार केल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही.

खाजगी शाळांचा प्रश्न या ठिकाणी उपस्थित होतो. सरकारी शाळा थोड्या. म्हणून लोकांनी शाळा काढाव्यात हे स्वाभाविक. परंतु १९२० नंतरच्या दशकात खाजगी शाळांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले. सभा-संमेलनांस पूर्वपरवानगी आवश्यक करणारी ‘गश्ती निशाण ५३’ ही आज्ञाही प्रसिद्धच आहे. या दोन बंधनांमुळे शिक्षकाचे काम केवळ वर्गातले राहिले नाही. शाळा काढणे, वर्ग वाढविणे, व्याख्यान ठेवणे, गणेशोत्सवात मुलांचे भाषण करविणे, या प्रत्येक गोष्टीमागे अर्ज, तालुकदाराच्या कचेरीतील खेटे आणि तालीमात खात्याची तपासणी उभी असे. मराठी शिकविण्यासाठी शिक्षकाला उत्तम उर्दू अर्ज लिहिता येणे आवश्यक होते, ही त्या काळच्या व्यवसायातील एक अटळ गोष्ट होती.

अशा स्थितीत ज्या राष्ट्रीय शाळा उभ्या राहिल्या, त्यांत उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगे येथील शाळा विशेष उल्लेखनीय आहे. असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, ती एका खेड्यात सुरू झाली. १९२९ च्या सुमारास व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे तरुण गृहस्थ तेथे मुख्याध्यापक म्हणून आले. त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे झाला होता. सोलापूर, अमळनेर आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले, आणि ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीत त्यांनी काही काळ काम केले होते. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला व ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. संन्यास घेऊनही त्यांनी शाळा सोडली नाही, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. मठाऐवजी वर्गखोली हे संन्याशाचे स्थान असू शकते, ही कल्पना त्या काळी रुळलेली नव्हती. १९३५ मध्ये स्वामीजी मोमिनाबादेस आले आणि योगेश्वरी विद्यालयाच्या कार्यात त्यांनी स्वतःस वाहून घेतले. त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे हेही या शाळेचे आधारस्तंभ झाले.

या शिक्षकांचा दिनक्रम कोणत्या चौकटीत चालत असे ते पाहू. सर्वप्रथम कालगणना. मुलाच्या घरी शालिवाहन शक आणि तिथी, सरकारी कागदावर फसली सन, आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या पुस्तकांवर व वृत्तपत्रांवर इंग्रजी तारीख, अशा तीन पंचांगांत शिक्षक एकाच वेळी वावरे. फसली वर्ष आजूर महिन्यापासून म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभी सुरू होई. १९३५ च्या ऑक्टोबरात १३४५ फसली लागले. सरकारी सुट्टीचा वार शुक्रवार. पैशांचीही अशीच दुहेरी स्थिति होती. संस्थानात हाली शिक्का चाले आणि सरहद्दीपलीकडे कलदार. सात हाली रुपयांस साधारणतः सहा कलदार पडत. म्हणजे शाळेसाठी मराठी पुस्तके मुंबई-पुण्याकडून मागवायची तर आधी हा बट्टा सोसावा लागे.

दुसरी गोष्ट निर्वाहाची. महाराष्ट्रात शिक्षकाच्या त्यागाची एक घडीव परंपरा १८८४ च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीपासून होती. आजीव सभासदाने ठरीव आणि माफक वेतनावर वीस वर्षे काम करावे, ही ती कल्पना. मराठवाड्यातील राष्ट्रीय शाळांनी हीच कल्पना उचलली. मात्र पुण्यातील आजीव सभासदाच्या पाठीशी मान्यताप्राप्त संस्था, सरकारी अनुदान आणि शहरी वर्गाची फी होती, तर येथे यांपैकी काहीच निश्चित नव्हते. फी द्यावयाची ती कोरडवाहू शेतीच्या उत्पन्नातून. ज्या वर्षी शाळूचे पीक बुडाले त्या वर्षी फीही बुडाली. म्हणून शिक्षकाचे वेतन वस्तुतः पावसाशी बांधलेले होते. अशा गावी शिक्षकास निर्वाहापुरते जे मिळे त्यात गावकऱ्यांनी दिलेले धान्य, राहण्यास जागा आणि प्रसंगी जेवणाचे आमंत्रण यांचा वाटा रोख रकमेहून कमी नसे.

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांची. आसपासच्या खेड्यांतून आलेला मुलगा गावात कोठे राहणार आणि काय खाणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय शिकविण्याचा प्रश्नच निर्माण होत नसे. वार लावून जेवणे ही जुनी रीत होती : सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. काही मुलांची भाकरी गावाकडून येणाऱ्या माणसाबरोबर येई. वार लावून देणे, आजारी मुलाची शुश्रूषा, सुगीच्या दिवसांत शेतावर अडकलेल्या मुलाच्या बापाची समजूत, ही शिक्षकाचीच कामे मानली जात. ज्वारीच्या काढणीत पट रोडावे आणि पाणी आटले की पुन्हा रोडावे. अशा पटावर सलग अभ्यासक्रम पुरा करून मुलास परीक्षेस बसविणे, ही कसोटी होती.

चौथी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे पालकाचा प्रश्न. मराठी शाळेत शिकून पुढे काय, असे तो विचारी आणि त्याचे विचारणे रास्त होते. नोकरी उर्दूने मिळत होती. कुळकर्ण्याच्या, देशमुखाच्या घरातही मुलाला उर्दू यावे म्हणून मुन्शी ठेवणे हे शहाणपणाचे समजले जाई. शिक्षकापाशी या प्रश्नाला व्यवहारी उत्तर नव्हते. आज मिळणाऱ्या नोकरीच्या बदल्यात उद्याच्या समाजाची भाषा बोलणे एवढेच त्याला शक्य होते. असे उत्तर पटावयाचे तर बोलणाऱ्याने स्वतः काही सोडले आहे हे ऐकणाऱ्यास दिसावे लागते. स्वयंसेवी शिक्षकाच्या साधेपणाला जे सामाजिक वजन आले त्याचे कारण येथे सापडते. त्याची गरिबी हा त्याच्या युक्तिवादाचा पुरावा होता. पगारदार मनुष्याने दिलेला हाच उपदेश त्या पालकाने ऐकून सोडून दिला असता.

१९३८ मध्ये या व्यवस्थेतील मूळ ताण उघडा पडला. सप्टेंबरात स्टेट काँग्रेसवर, ती रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, बंदी घालण्यात आली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी त्यात उतरून तुरुंगात गेले. त्याच वर्षाअखेर उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतून ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांस प्रवेश दिला. अशा वेळी शिक्षकापुढे दोन कर्तव्ये परस्परविरुद्ध उभी राहिली. तो सत्याग्रहात गेला तर शाळेची परवानगी धोक्यात येणार, आणि पंधरा वर्षे जपलेला मराठीचा एकुलता एक दिवा विझण्याची शक्यता. तो शाळेत राहिला तर स्वतः शिकविलेल्या गोष्टींपासून दूर राहिल्याचा ठपका त्याच्या विद्यार्थ्यांच्याच डोळ्यांत दिसणार. पुढील इतिहासकारांनी जाणाऱ्यांचा गौरव केला, ते योग्यच आहे. परंतु जे मागे राहिले आणि ज्यांनी शाळा चालू ठेवली, त्यांच्याशिवाय या जाण्याला अर्थ राहिला नसता. स्वामीजींनी शाळा सोडली ती कोणाच्या तरी हाती सोपवूनच. संस्था टिकली, म्हणूनच १९४८ नंतर तिचा विस्तार होऊ शकला. त्याग दोन प्रकारचा असतो, एक घटनेचा आणि एक रोजचा. इतिहासाची साधने पहिल्याची नोंद ठेवतात, दुसऱ्याची ठेवीत नाहीत.

या शाळांच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. त्यांचे चालक आणि शिक्षक बहुतांशी ब्राह्मण व इतर वरिष्ठ समाजांतील होते, आणि विद्यार्थीही मुख्यतः गावातील जमीनधारक, वतनदार व व्यापारी घरांतून येत. वार लावून जेवण्याची रीतच पहा : जातीच्या चौकटीत ज्या मुलाला दुसऱ्याच्या घरी पान मांडले जात नव्हते, त्याच्यासाठी ती सोय अस्तित्वातच नव्हती. पाण्याच्या दुर्भिक्ष्याचे तेच. जेथे सर्वांनाच पाणी कमी, तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलास शाळेच्या रांजणापर्यंत पोहोचणे अधिकच दुष्कर. मुलींच्या वाट्यास घागर आली. पाटी क्वचितच आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. त्या घटनेचा अर्थ या पार्श्वभूमीवर उमगतो. राष्ट्रीय शाळांनी भाषेची भिंत फोडली, परंतु वस्तीची भिंत फोडण्यासाठी निराळ्या हातांची आवश्यकता होती.

पोलीस कारवाईनंतर परिस्थिति झपाट्याने बदलली. नांदेडास १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले. त्यामागे स्वामीजींची प्रेरणा होती. बाबासाहेब परांजपे १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. जिल्ह्याचा पहिला लोकनियुक्त खासदार हा मूळचा शाळामास्तर असावा, यात त्या काळच्या समाजाने शिक्षकाला दिलेला मान व्यक्त होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या पालकाच्या प्रश्नाला १९३५ साली उत्तर नव्हते, त्याला पंचवीस वर्षांत उत्तर मिळाले : मराठीतून शिकलेला मुलगा आता शिक्षक, कारकून, तहसीलदार होऊ शकत होता. स्वामीजी २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेस निवर्तले. १९९४ मध्ये नांदेड येथे त्यांच्या नावाचे विद्यापीठ निघाले, आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयासही त्यांचे नाव देण्यात आले.

येथपर्यंतची कथा यशाची आहे. परंतु तिचा एक उत्तरभाग आहे आणि तो टाळणे इतिहासलेखनाच्या प्रामाणिकपणाशी विसंगत ठरेल. स्वयंसेवी शिक्षकाने आपले वेतन आपण होऊन कमी घेतले होते. त्यामागे निवड होती, आणि ती निवड समाजाला दिसत होती. राज्य आपले झाल्यावर शिक्षकाचे वेतन ही राज्याची जबाबदारी ठरली व अनुदानाची पद्धति रुळली. पुढे या शतकाच्या आरंभापासून ‘कायम विनाअनुदानित’ या सदराखाली शाळांना परवानग्या मिळू लागल्या. ‘कायम’ हा शब्द नंतर वगळण्यात आला, तरी मराठवाड्यासह राज्यभर अनेक शिक्षकांनी अनुदानाची वाट पाहत विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर वर्षानुवर्षे काढली. बाह्यतः या शिक्षकाची स्थिति १९३५ च्या शिक्षकासारखीच दिसते : पगार नाही, शाळा चालली आहे, मुले शिकत आहेत. परंतु दोहोंत मूलभूत भेद आहे. एकाने वेतन नाकारले. दुसऱ्यास ते नाकारण्यात आले. पहिल्याच्या त्यागाचा दाखला देऊन दुसऱ्याच्या उपासमारीस नैतिक रूप देण्याचा मोह भाषणांतून वारंवार डोकावतो. इतिहासाच्या अभ्यासकाने या मोहास पाठिंबा देता कामा नये.

शिक्षकाच्या कामाचा दुसरा धागा मात्र आजही तसाच चालू आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीसाठी मोठ्या संख्येने कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दिवाळीनंतर पट रोडावतो. मुले गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे आणि फडाजवळ साखरशाळा हे उपाय योजिले गेले. मुलगा कोठे राहील, काय खाईल, त्याच्या बापास कसे समजवावे, हे मोमिनाबादच्या शिक्षकापुढील तीन प्रश्न आजच्या शिक्षकापुढेही शब्दशः आहेत. कोरडवाहू मुलखात शिक्षणाचा प्रश्न प्रथम अन्नपाण्याचा आणि मग पुस्तकाचा असतो, हा या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष होय. स्वयंसेवी शिक्षकांना तो कोणत्याही शिक्षणशास्त्राशिवाय ठाऊक होता.

अखेरीस साधनांविषयी एक विनंती. रोजच्या त्यागाची नोंद जर कोठे असेल तर ती जुन्या हजेरीपत्रकांत, फीच्या वह्यांत, फसली तारखांच्या उर्दू पत्रव्यवहारात आणि मोडीतील किर्दीत असेल. हे कागद शाळांच्या अडगळीत व जुन्या वाड्यांच्या माळवदांखाली पडून असतात. मोडी आणि दफ्तरी उर्दू या दोन्ही वाचू शकणारी पिढी वेगाने ओसरत आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागास दाखवावेत. एखाद्या वर्षी फाल्गुनात पट किती उरला आणि त्या महिन्यात शिक्षकाच्या हाती किती हाली रुपये पडले, हे दोन आकडे शेजारी ठेवता आले तरी मराठवाड्याच्या इतिहासात आज नसलेले एक प्रकरण लिहिता येईल.